झालेली किती, असलेली किती

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. एकतीस वर्षं झाली. शिकवण्याइतकीच वर्षं मी लोकांच्या दारात उभी राहून त्यांची माणसं मोजली आहेत. जनगणना म्हणा, शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण म्हणा, काही निघालं की सरकारला पहिली आठवण आमची येते. या कामाबद्दल मी आयुष्यभर कुरकुर केली, पण ते मला चांगलं जमायचं, हे कबूल करते.

नोकरीची पहिली वर्षं सुरगाण्याकडच्या पाड्यांवर गेली. तिथल्या एका वयस्कर गुरुजींनी मला शिकवलं होतं की बाईला ‘मुलं किती’ असं कधी विचारू नये. ती असलेलीच सांगते. विचारावं, ‘झालेली किती, असलेली किती?’ आणि दोन उत्तरांच्या मध्ये घाई करू नये, पेन खाली ठेवावं. पाड्यावरच्या एका बाईने मला झालेली सहाही मुलं बोटांवर मोजून दाखवली होती. त्यातली तीन कुठे पुरली तेही सांगितलं होतं, एक आंब्याखाली आणि दोन ओहोळाच्या पलीकडे. हिच्या जागी मी असते तर असलेली तीनच सांगितली असती, असं तेव्हा माझ्या मनात आलं. माझं पहिलं मूल जाऊन त्या वेळी वर्षही झालं नव्हतं.

तो मुलगा होता. दिंडोरीकडे, माझ्या माहेरच्या गावी बाळंतपण झालं. दोन दिवस चांगला अंगावर प्यायला. तिसऱ्या दिवशी ओढेनासा झाला, नुसता झोपून राहू लागला, आणि चौथ्या दिवशी सकाळी गेला. दुसऱ्या दिवशी पाचवी होती. आमच्यात बाळाच्या पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा पुजतात, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवतात, म्हणजे सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते. त्याआधी गेलेलं मूल घरात आलंच नव्हतं असं धरायचं. त्याचं नाव नाही, फोटो नाही, त्याच्यासाठी कोणी भेटायला येत नाही. भावाने त्याला शेताच्या बांधाला नेलं. आईने माझ्या छातीला फडकं घट्ट बांधलं आणि बांधता बांधता सांगितलं, “पाचवी झाली नाय, ते मोजायचं नसतं. माझीबी दोन अशीच गेली, तुझ्या पाठची. मी कधी मोजली का?”

मीही मोजलं नाही. दीड वर्षाने मुलगी झाली, ती जगली, आणि ती माझी पहिली आणि एकुलती एक मुलगी ठरली. मिस्टर सातपूरला कारखान्यात होते. आम्ही तिथेच घर घेतलं, मी बदली करून शहराजवळ आले. नव्या शेजारणींना काही ठाऊक नव्हतं. मुलीला सांगायचं कधी कारणच पडलं नाही. कारण पडलं नाही असं मी म्हणते खरं, पण तिने लहानपणी शंभर वेळा भाऊ मागितला होता.

मुलीचं लग्न एकलहऱ्याला झालं. जावई वीज केंद्रात आहेत, शिफ्टची नोकरी, शांत स्वभावाचा माणूस. विहीणबाई सिन्नरकडच्या, आवाजाने मोठ्या. लग्नानंतर दीड वर्षाने मला नातू झाला. नाशिक रोडच्या एका दवाखान्यात मी तिच्याजवळ राहिले होते. तिसऱ्या दिवशी तो ओढेना. मुलगी म्हणाली, “आई, किती झोपाळू आहे ना हा.” मी त्याच्या तळपायावर टिचकी मारली. पाय हलला नाही. त्या क्षणी मला कळलं होतं. माझ्या पोटात कळलं होतं आणि तोंडाने मी म्हणाले, “बाळं झोपतातच गं.”

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. जंतुसंसर्ग म्हणून मोकळे झाले असते तर कोणी त्यांना विचारलं नसतं. त्यांनी रक्तातला अमोनिया, म्हणजे प्रथिनं मोडताना शरीरात होणारं विष, तपासला. तो खूप वाढलेला होता. दुसऱ्या दवाखान्यात हलवेपर्यंत बाळ गेलं. चौथ्याच दिवशी.

त्याच डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार घराण्यातून येणारा असू शकतो, पुढच्या खेपेआधी जेनेटिक कौन्सेलिंग करून घ्या. त्यांच्या ओळखीच्या बाई मुंबईला बसायच्या. पण जायची गरज नव्हती, सगळं व्हिडिओ कॉलवर होणार होतं. मराठीत याला जनुकीय समुपदेशन म्हणतात, हे आमच्या घरात मला एकटीला ठाऊक होतं. बाकी सगळे ‘मुंबईच्या मॅडमचा कॉल’ म्हणायचे.

तो कॉल एकलहऱ्याच्या क्वार्टरमध्ये, पुढच्या खोलीत झाला. जावयांनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. सोफ्यावर मधे मुलगी, एका बाजूला जावई, दुसऱ्या बाजूला मी. विहीणबाई दिवाणावर मटार सोलत बसल्या होत्या. त्या फोनच्या मागे होत्या, म्हणजे आम्हाला समोर दिसत होत्या आणि मॅडमना अजिबात दिसत नव्हत्या.

मॅडम तरुण होत्या, माझ्या मुलीपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. बोलणं अदबशीर. सुरुवातीलाच त्यांनी विचारलं, खोलीत आणखी कोणी आहे का, मोकळेपणाने बोलता येईल ना. मुलीने सासूकडे पाहिलं. सासूने मटाराची शेंग हलवून ‘नाही म्हण’ अशी खूण केली. मुलगी म्हणाली, आम्ही तिघंच आहोत.

मग मॅडमनी स्क्रीनवर वंशवृक्ष काढायला घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. त्यांनी सांगितलं की या आजाराचे दोन-तीन प्रकार आहेत. एकात आई-वडील दोघांकडून दोष येतो. दुसऱ्यात तो आईकडून आईकडून चालत येतो, बायका बहुधा धडधाकट राहतात आणि मुलगे पहिल्या आठवड्यात जातात. बाळाचा रक्ताचा नमुना पुरेसा नव्हता, त्यामुळे त्यातून काही ठरत नव्हतं. म्हणून घराण्याची माहिती फार महत्त्वाची आहे. हे सगळं त्यांनी इतकं सोपं करून सांगितलं की मला त्यांना माझ्या शाळेत घ्यावंसं वाटलं.

जावयांच्या बाजूचं विचारून झालं. मग त्या माझ्याकडे वळल्या.

“काकू, तुम्हाला स्वतःला, किंवा तुमच्या आईला, जन्मून लगेच गेलेलं बाळ होतं का? नाव ठेवायच्या आधी गेलेलंही सांगा. लोक ती मोजत नाहीत, म्हणून मुद्दाम विचारते.”

म्हणजे त्यांनी प्रश्न बरोबर विचारला होता. गुरुजींनी शिकवला होता त्याहूनही नीट विचारला होता. मटार सोलायचा आवाज थांबला. विहीणबाई माझ्याकडे बघत होत्या. माझ्या मनात एवढंच आलं की आईकडून आईकडून, हे शब्द यांनी आत्ताच ऐकलेत. आता मी बोलले की माझी मुलगी या घरात नातू खाणारी ठरणार.

“नाही,” मी म्हणाले. “आमच्याकडे तसं काही नाही.”

मॅडम क्षणभर थांबल्या. नेट अडकलं होतं की त्या वाट बघत होत्या, मला अजून ठाऊक नाही. समोर बसल्या असत्या तर त्यांनी माझे हात पाहिले असते. मी पदराचं टोक बोटाला करकचून गुंडाळलं होतं. फोनच्या त्या चौकटीत माझा फक्त चेहरा होता, आणि एकतीस वर्षं वर्गासमोर उभ्या राहिलेल्या बाईला चेहरा सांभाळता येतो. पण मी मॅडमना दोष देत नाही. त्या मुंबईत होत्या. मी तर मुलीच्या मांडीला मांडी लावून बसले होते.

माझ्या बाजूचे चौकोन आणि गोल स्वच्छ राहिले. मॅडमनी तरीही मुलीची आणि जावयांची दोघांचीही तपासणी करून घ्या असं सांगितलं. एक पत्र पाठवलं. त्यात लिहिलं होतं की आमचा सल्ला तुम्ही दिलेल्या माहितीवर उभा आहे, नंतर काही आठवलं किंवा एकटीने बोलावंसं वाटलं तर जरूर कळवा. फोन बंद झाल्यावर विहीणबाई म्हणाल्या, “बघा, दोन्हीकडं काहीच नाय. पोराचं आयुष्यच तेवढं होतं.” सगळ्यांना बरं वाटलं. तपासणी पुढच्या महिन्यावर गेली, मग जावयांच्या शिफ्ट, मग कोणाचं तरी लग्न. एरवी मी मुलीच्या मागे लागून लागून कामं करून घेते. या वेळी मी एकदाही आठवण केली नाही. तपासणीत काय निघेल याची मला धास्ती होती, आणि आपण गप्प बसलो तर ते निघणारच नाही असं मी स्वतःला पटवलं होतं. मी मुलांना विज्ञान शिकवते.

मुलीला पुन्हा दिवस राहिले. पाढे म्हणावेत तसं मी मनात एकच म्हणत होते, मुलगी होऊ दे, मुलगी होऊ दे. कोणाला ठाऊक असतं तर त्यांना ते विचित्र वाटलं असतं.

पाचव्या महिन्यात पाडव्याला मी एकलहऱ्याला गेले होते. पुरणपोळी होती. मुलीने दीड पोळी खाल्ली आणि संध्याकाळपर्यंत तिचं डोकं फुटायला लागलं, उलट्या झाल्या. विहीणबाई म्हणाल्या, पोटुशीपणात होतं असं. पण मला पुरण कधीच सोसलं नाही. डाळ, मटकी, मटण, जरा जास्त झालं की डोकं धरून बसावं लागतं. माझी आई तर सणाच्या दिवशीही पोळीतलं पुरण काढून गाईला घालायची आणि नुसती कड खायची. घरी आल्यावर मी मॅडमचं पत्र पुन्हा उघडलं. शेवटच्या पानावर काही प्रश्न होते, सवडीने उत्तरं द्या म्हणून. त्यात एक होता, घरातल्या बायकांना डाळी, अंडी, मांस जड जातं का, त्याने डोकं दुखतं का. मी ते तीनदा वाचलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दुसरीच्या रिकाम्या वर्गात बसून मी मॅडमना कॉल केला. फोन डस्टरला टेकवला. या खेपेला खोलीत खरंच कोणी नव्हतं. मी म्हणाले, मागच्या वेळी मी खोटं बोलले. मला झालेली दोन, असलेली एक. माझ्या आईला झालेली चार, असलेली दोन. गेलेले तिन्ही मुलगे, तिन्ही पाचवीच्या आत. बोलायला एक मिनिट लागलं असेल. तीस वर्षांत पहिल्यांदा बोलले.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मुलीचा कितवा आठवडा चालू आहे ते विचारलं, आणि उत्तर ऐकून खाली काहीतरी लिहिलं. मी विचारलं, हे तुम्हीच तिला सांगाल का? माझ्या तोंडून निघणार नाही.

“काकू, तपासणीचं, उपचाराचं मी सांगेन. तुमच्या बाळाचं तुम्हीच सांगा. आणि फोनवर नको, समोर बसून सांगा.”

बस बदलून एकलहऱ्याला जाईपर्यंत मी वाक्यं जुळवत होते. मुलगी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी तिला खाली बसवलं आणि जुळवलेलं एकही वाक्य न वापरता सगळं सांगितलं. ती बराच वेळ हातातला चिमटा उघडत-मिटत राहिली.

“मला भाऊ होता?” ती म्हणाली.

मी मान हलवली.

“त्या मॅडमनी विचारलं तेव्हा तू माझ्या शेजारी बसली होतीस.”

तुझ्या सासूच्या भीतीने, असं मी म्हणाले. तेवढ्यात सासू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या आहेत हे आमच्या लक्षात आलं. सगळं ऐकलं होतं त्यांनी. मला वाटलं, आता होऊन जाऊ दे. त्या आल्या, खाली बसल्या आणि म्हणाल्या, “माझीबी एक पोरगी गेली वो बाई, दुसऱ्या दिवशी. तुमच्या जावयाच्या आधीची. म्या तरी कुठं सांगितलं त्या फोनवर?” मग त्या रडायला लागल्या. तिच्या जाण्याचा या आजाराशी संबंध नव्हता, असं पुढे मॅडमनी सांगितलं. मी जिच्या धाकाने गप्प बसले, ती बाई माझ्यासारखंच आपलं बाळ लपवून त्या फोनच्या मागे बसली होती. मुलगी उठून आत गेली. त्यानंतर सात आठवडे ती माझ्याशी कामापुरतं बोलली.

तपासणीचा रिपोर्ट यायला सातवा महिना उजाडला. दोष मुलीत होता, म्हणजे माझ्यात आणि माझ्या आईत. मॅडमनी समजावून सांगितलं की पोटातल्या बाळाची तपासणी करून काही ठरवायची मुदत आता उलटली आहे. मुलगा की मुलगी हे कायद्याने सांगता येत नाही. मुलगा असेल असं धरून तयारी करू, आणि मुलगा असला तरी दोनात एक शक्यता त्याला काही नसण्याची आहे. बाळंतपण मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात होईल, पहिल्या तासापासून औषधं चालू राहतील. मुलीने एकच विचारलं, हे आधी कळलं असतं तर? मॅडम म्हणाल्या, तर दिवस राहायच्या आधीच तुमच्यासमोर बरेच मार्ग असते. त्यांना खोटं बोलता आलं असतं. त्या बोलल्या नाहीत.

मुलगा झाला. त्याला तो आजार होता. पण तिसऱ्या दिवशी तो झोपी गेला नाही. नळ्या होत्या, यंत्र होतं, तरी तो डोळे उघडून बघत होता. पाचव्या दिवशी विहीणबाईंनी अतिदक्षता विभागाच्या बाहेर, बाकड्यावर, कोरा कागद आणि पेन ठेवलं. पाटा-वरवंटा कुठून आणणार, त्यांनी पर्समधली सुपारी ठेवली. सिस्टरने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. आमच्या तीन पिढ्यांत पाचवी झालेला हा पहिला आजारी मुलगा.

बाराव्या दिवशी मुलगी माझ्याजवळ आली. तिने विचारलं, “माझ्या भावाचं नाव काय ठेवणार होतीस?”

आईने मोजायचं नाही म्हटलं होतं, तरी नाव मी ठरवून ठेवलेलं होतं. तीस वर्षांत ते मी एकदाही उच्चारलं नव्हतं. मी सांगितलं. तिने काचेजवळ जाऊन तेच नाव तिच्या मुलाला ठेवलं. ते मी इथे लिहीत नाही. त्यावर आता माझा एकटीचा हक्क नाही.

सोळाव्या दिवशी त्याला ताप आला. एकोणिसाव्या दिवशी तो गेला.

महिन्याभराने मॅडमचा कॉल झाला. तीच खोली, तोच साखरेचा डबा. खोलीत कोण कोण आहे हे त्यांनी विचारलं, तेव्हा विहीणबाई उठून सोफ्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, मीबी हाय. चौघं त्या चौकटीत मावत नव्हतो, जावयांना मागे उभं राहावं लागलं. मॅडम म्हणाल्या की पुढे कधीही ठरवलंत तर आता आपल्याला काय शोधायचं ते माहीत आहे, आधी तपासून पाऊल टाकता येईल. घाई नाही. फक्त घराण्याचा तक्ता एकदा पूर्ण करून ठेवू. त्यांनी तो स्क्रीनवर आणला. माझ्या बाजूला आता तिरक्या रेघांचे चौकोन होते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. मुलीने माझ्या मांडीवर हात ठेवला. एकलहऱ्याच्या त्या गॅलरीनंतर तिने मला पहिल्यांदाच हात लावला होता.

“मी सांगते, मॅडम,” ती म्हणाली. “आजीला झालेली चार, असलेली दोन. आईला झालेली दोन, असलेली मी एक.”

मग तिने जरा थांबून, मी लोकांच्या दारात थांबायची तेवढंच थांबून, पुढचं सांगितलं.

“मला झालेली दोन. असलेलं एकही नाही.”